पाळण्याच्या लाकडी खुंट्या घरी घडवायच्या आहेत, मदत हवी

मृण्मयी_चरई
३ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे एक सागवानी पाळणा आहे. पणजोबांनी महाडला असताना सुताराकडून करून घेतलेला. आजोबा, बाबा, दोन्ही काका, दादा आणि मी, सगळे त्यात झोपलेलो. त्यात एकही खिळा नाही. चार खूर (पाय), आठ गाती (खुरांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या), आणि प्रत्येक सांध्याला एक अशा १६ लाकडी खुंट्या. मूल मोठं झालं की खुंट्या ठोकून काढायच्या, पाळणा सोडवायचा आणि जुन्या लुगड्यात बांधून पोटमाळ्यावर ठेवायचा.

ठाण्यात चरईतली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. सामान हलवण्याच्या गडबडीत खुंट्यांची पुरचुंडी कुठेतरी राहिली. एकच खुंटी वाचली, ती एका सांध्याच्या भोकात अडकून राहिली होती म्हणून.

वहिनीचे दिवस जुलैच्या मध्यावर भरतात. बारशाला बाळाला याच पाळण्यात घालायचं असं आईने धरून ठेवलंय, आणि मलाही तेच हवंय. एका सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, स्क्रू मारून देतो, अर्ध्या तासाचं काम." मला ते पटेना. एकदा स्क्रू गेला की पाळणा पुन्हा सुटणार नाही.

भोकं ९ मिमीची आहेत, खुंटी ५५ मिमी लांब. घरात लहान करवत, एक पटाशी, कानस, हातोडा आणि पॉलिश पेपर आहे. एक काडी कापून, घासून बघितली. ठोकल्यावर मधेच तिरकी तुटली. लाकूड कोणतं घ्यावं? आणि खुंटी अगदी गोल कशी करायची?

घोडबंदर_ते_गावदेवी
३ जून, रात्री १०:४०

हार्डवेअरच्या दुकानात गोल काठ्या तयार मिळतात, ६, ८, १० मिमीच्या. १० ची आणा, ड्रिल मशीनमध्ये पकडून फिरवत पॉलिश पेपरने ९ ची करा. एका रविवारात काम होईल.

पटाशीवाला
४ जून, सकाळी ६:५५

मृण्मयीताई, आधी करवत बाजूला ठेवा. खुंटीचं लाकूड कापायचं नसतं, फोडायचं असतं.

करवत आपण नेऊ तशी सरळ जाते, पण लाकडाची नस, म्हणजे आतल्या तंतूंची रेघ, सरळच असते असं नाही. कापलेल्या काडीत नस मधेच कडेला बाहेर पडते, आणि घाव बसला की बरोबर तिथूनच खुंटी तिरकी मोडते. तुमची तशीच मोडली असणार. फोडलेल्या काडीत नस या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. वरच्या सदस्यांनी सांगितलेल्या तयार काठ्या मशीनवर काढलेल्या असतात, त्यात नस कुठे जाते याला धरबंध नाही. फडताळातल्या फळीला टेकू म्हणून त्या चालतील. पाळण्याला मी घालणार नाही.

साग घ्या, जुना, गाठ नसलेला. ७० मिमीचा ठोकळा पाटावर उभा करा. जाड पात्याचा सुरा किंवा पटाशी टोकावर ठेवून वरून लाकडी ठोकळ्याने मारा. आधी बरोबर मधोमध फोडायचं, मग त्या अर्ध्यांचे अर्धे. सुरुवातीलाच कडेची पातळ काडी काढायला गेलात तर फाट पातळ अंगाकडे पळते आणि काडी टोकाला निमुळती होऊन वाया जाते. साधारण १२ मिमीच्या काड्या झाल्या की पटाशीने तासून चौरस करा. तासताना पटाशी कायम अंगापासून दूर जाईल अशी, आणि काडी धरलेला हात पात्याच्या मागे.

त्या वाचलेल्या खुंटीचं वर्णन कराल का? आणि रिकाम्या भोकातून उजेडाकडे बघून काय दिसतं तेही सांगा.

सायली_वाशी
४ जून, सकाळी ११:२०

दादा, फ्लॅटमध्ये हे फोडणं शक्य आहे का? आमच्या सोसायटीत दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद असते.

पटाशीवाला
४ जून, दुपारी १२:०५

शक्य आहे. एवढा लहान तुकडा दोन-तीन घावांत फुटतो, नारळ फोडण्याइतकाच आवाज. पाटाखाली जुनी सतरंजी घडी करून ठेवा म्हणजे खालच्या मजल्यावर घाव जाणार नाही.

हेमंत_कळवा
४ जून, दुपारी १:३०

सागापेक्षा बांबू घ्या. आमच्या गावच्या कौलारू घरात वाशांना बांबूच्याच खुंट्या आहेत, माझ्या आजोबांच्या आधीपासूनच्या. बांबू उभा सरळ फुटतो, नस शोधायला नको. फक्त बाहेरच्या सालीकडचा भाग ठेवायचा, आतला मऊ भाग तासून टाकायचा.

लहानपणी विटी पण मीच करायचो, दोन्हीकडे निमुळती. कोयत्याचे चार घाव इकडे, चार तिकडे. विटी टोल्यावर नीट उडली तर समजायचं दोन्ही टोकं सारखी उतरली आहेत.

पटाशीवाला
४ जून, दुपारी २:४५

हेमंत, वाशांना बांबू उत्तमच. तिथे खुंटी एकदा मारली की कायमची. पाळण्याच्या खुंट्या दर पिढीला काढायच्या-घालायच्या आहेत. बांबूची साल सागापेक्षा कठीण, ती दर वेळी भोक खाणार. झिजायचंच असेल तर खुंटी झिजू दे. खुंटी नवी करता येते, खूर नाही.

हेमंत_कळवा
४ जून, दुपारी ३:१०

हे पटलं. माझा बांबू मागे घेतो.

दोन_लेकरांची_आई
४ जून, रात्री ९:१५

मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. तान्ह्या बाळाचा प्रश्न आहे. घरी तासलेल्या काड्यांवर बाळाला टांगायचं? हौस म्हणून पाळणा सजवून दिवाणखान्यात ठेवा, बाळाला साध्या झोळीत घाला. माझ्या धाकट्याच्या वेळी पाळण्याची एक कडी निसटली होती. बाळ खाली गादीवर पडलं म्हणून वाचलो. तो आवाज अजून कानात आहे.

अभय_नेरूळ
४ जून, रात्री १०:५०

ताईंची काळजी रास्त आहे, म्हणून भार नेमका कुठून जातो ते लिहितो. बाळाचं वजन गात्यावर येतं. गात्याच्या टोकाला कुसू असतं, म्हणजे तासून बारीक केलेली जीभ, ते खुराच्या भोकात शिरलेलं असतं. म्हणजे वजन कुसवावर आणि तिथून खुरावर जातं. खुंटी आडवी जाते, तिचं काम कुसू बाहेर सरकू न देणं. ती वजन पेलत नाही, सांधा बंद ठेवते.

पण झोका देताना सांधे प्रत्येक हेलकाव्याला थोडे ओढले जातात. ढिली खुंटी हळूहळू बाहेर येईल आणि मग कुसूही सरकेल. म्हणून खुंटी जाड असण्यापेक्षा ती घट्ट बसणं महत्त्वाचं. बाळाला घालण्याआधी बाळाच्या वजनाच्या तीन-चार पट भार घालून एक दिवस झोके द्या. २० किलोची तांदळाची गोणी सोपी पडेल.

खुंट्यांइतक्याच वरच्या कड्या आणि साखळ्याही तपासा. दोन_लेकरांची_आई यांच्याकडे निसटली ती कडीच होती.

दोन_लेकरांची_आई
४ जून, रात्री ११:०५

गोणी घालून बघणार असाल तर माझा विरोध नाही. झोके द्याल तेव्हा खाली गादी ठेवा, बाळ असतानाही ठेवा.

षड्ज_पंचम
५ जून, सकाळी ७:३०

थोडं अवांतर. मी तंबोरा वाजवतो, आणि माझा निम्मा रियाज खुंट्यांशीच चालतो. तंबोऱ्याची खुंटी कधीच एकसारख्या जाडीची नसते, भोकात जाणाऱ्या टोकाकडे ती निमुळती होते. ढिली पडली की आत दाबायची, की पुन्हा घट्ट. सरकत असेल तर थोडा खडू घासायचा. मिरजेला एका कारागिराकडे बसून हे बघितलंय: खुंटी भोकात फिरवायची, बाहेर काढायची, जिथे चकाकते तिथे ती टेकते आहे, तेवढंच कानशीने उतरवायचं, पुन्हा घालायची. एका खुंटीला वीस-वीस वेळा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्या माणसाचे हात आठवले.

मृण्मयी, भोकात खुंटी फिरवून चकाकी बघण्याची युक्ती तुम्हालाही कामाला येईल.

मृण्मयी_चरई
५ जून, रात्री ९:४०

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! आज पाळणा खोलीत पसरून बसले होते.

पटाशीवाला दादा, तुम्ही विचारलंत म्हणून ती खुंटी पहिल्यांदा नीट निरखली. मी तिला इतके दिवस गोल समजत होते. ती गोल नाहीच! खिडकीशी नेऊन बोटांत फिरवली तर उजेड एकेका सपाट पट्टीवरून सरकतो. आठ पट्ट्या मोजल्या. पट्ट्यांवर तासल्याचे बारीक आडवे ठसे अजून आहेत, घासून गुळगुळीत केलेलेच नाहीत. डोक्याकडे ९ मिमीहून थोडी जास्त, टोकाकडे ६. मधे एका बाजूला किंचित दबलेली आहे, चिमटीत धरल्यासारखी. आणि डोक्यावर तीन खाचा आहेत. ठोकताना पडल्या असतील.

गातं खुरात बसवून रिकाम्या भोकातून बघितलं तर आरपार गोल उजेड दिसत नाही. चंद्रकोरीसारखं दिसतं. खुराचं भोक आणि कुसवाचं भोक एकमेकांसमोर नाहीत, साधारण एक मिमी सरकलेली आहेत. सगळ्या सांध्यांना तसंच. लाकूड वाकलं का? भोकं पुन्हा पाडावी लागतील?

पटाशीवाला
५ जून, रात्री ९:५८

अजिबात पाडू नका! ड्रिल कपाटात ठेवून द्या.

ती चंद्रकोर सुताराने मुद्दाम ठेवली आहे. कुसवातलं भोक खुराच्या भोकापेक्षा एक मिमी सांध्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे कुसवाच्या खांद्याकडे (जिथे कुसू संपून गात्याची पूर्ण जाडी सुरू होते तिकडे) सरकवून पाडायचं. निमुळती खुंटी आत शिरते तशी ती कुसवाला ओढून घेते आणि गात्याचा खांदा खुराला घट्ट चिकटतो. सरसाशिवाय, खिळ्याशिवाय. खुंटी मधे दबलेली दिसते ती याच ओढीने. आरपार सरळ भोक आणि एकसारखी गोल खुंटी असती तर हा सांधा केव्हाच खुळखुळला असता. सगळ्या सांध्यांना एकसारखा एक मिमी ठेवणाऱ्या त्या महाडच्या सुताराचा हात फार मोठा होता हो.

खुंटीची नस अखंड हवी ती याचसाठी. तिला भोकात जरा वाकून जायचं असतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: गोल करूच नका. ९ मिमीचा चौरस करा. प्रत्येक पैलूवर दोन्ही कडांपासून अडीच मिमी आणि किंचित जास्त अंतरावर पेन्सिलची रेघ ओढा आणि कोपरे त्या रेघांपर्यंत उतरवा. आठ पैलू जवळजवळ सारखे येतात. समोरासमोरच्या पैलूंत ९ मिमी असलं की कोनाकोनांत पावणेदहाच्या आसपास भरतं. ते आठ कोन भोकात दबून पकड घेतात. मग टोकाकडचा निम्मा भाग ६ पर्यंत निमुळता करत न्या. पॉलिश पेपर लावू नका, पटाशीचा पैलू जास्त चांगला धरतो. तेलही नको.

खाडीकिनारी
६ जून, सकाळी ८:१०

एक गोष्ट राहिली, खुंट्या सुकवणं. माझे बाबा कोपरखैरण्याच्या बाजूला खाडीत होडी घालायचे. वल्हं दोरीने ज्या खुंटीला अडकवतात ती बाभळीची असायची आणि बाबा ती उन्हाळ्यात तासून घरात चुलीवरच्या फळीवर वाळत ठेवायचे. पावसाच्या तोंडावर होडीत ठोकायची. ओल लागली की फुगते आणि मग हाताने निघत नाही. ओलं लाकूड ठोकलं तर उलट होतं, सुकल्यावर आकसून बाहेर येतं. मी लहानपणी घाईने ओली खुंटी ठोकली होती, भर खाडीत वल्हं सुटलं. बाबा रागावले नाहीत, फक्त चुलीवरची फळी दाखवली.

सायली_वाशी
६ जून, सकाळी ९:२५

कढईत जाड मीठ तापवून त्यात पुरून ठेवता येतील का? आजी चणे तसे भाजायची.

अभय_नेरूळ
६ जून, सकाळी १०:००

मीठ नको, हवेतली ओल ओढतं. मिठाचा अंश खुंटीत राहिला तर पावसाळाभर ती दमट राहील. त्याऐवजी धुऊन वाळवलेली वाळू घ्या. मंद आच, बोट क्षणभर टेकवता येईल इतकीच ऊब. लाकडाला जळका वास आला तर आच जास्त झाली.

सुकलं कसं ओळखायचं? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सगळ्या खुंट्या एकत्र तोला. रोज तोला. वजन उतरायचं थांबलं की सुकल्या. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०% च्या आसपास स्थिरावली की लाकडात साधारण १६% ओल मुरते. सुकी खुंटी तेवढी ओल घेऊन फुगली तरी ९ मिमीत वाढ मिमीच्या दहाव्या भागाच्या आसपासच होईल. पण घट्ट भोकात तेवढी पुरते.

रविवारचा_सुतार
६ जून, दुपारी १२:३५

मी देव्हारा करताना भोकात सरस भरून अगदी घट्ट खुंटी हातोड्याने मारली. सरसाला बाहेर पडायला जागाच नव्हती, त्या दाबाने पुढची फळी उभी चिरली. महिन्याभराचं काम गेलं. सरस वापरायचाच असेल तर खुंटीच्या अंगावर उभी खाच ठेवावी लागते. मृण्मयी, तुम्हाला सरस लावायचाच नाही, आणि तुमची भोकं आरपार आहेत, तेव्हा हा धोका नाही. तरी घाव हळू मारा.

घोडबंदर_ते_गावदेवी
६ जून, दुपारी ४:००

धागा वाचून मत बदललं. लाकूड हवं असेल तर येऊरला पावसाआधी सागाच्या फांद्या पडलेल्या असतात.

अभय_नेरूळ
६ जून, दुपारी ४:२०

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथली पडलेली फांदीसुद्धा उचलता येत नाही. शिवाय कोवळ्या फांदीत बाहेरचं पांढरं लाकूडच जास्त, ते टिकत नाही. ठाण्यात सध्या गल्लोगल्ली जुन्या इमारती उतरताहेत. दारं-खिडक्यांच्या सागवानी चौकटी भंगारात जातात. पन्नास-साठ वर्षं मुरलेलं लाकूड आहे ते.

मृण्मयी_चरई
१५ जून, रात्री १०:३०

प्रगती कळवते. चरईतल्याच एका भंगारवाल्याकडून चौकटीचा हातभर तुकडा आणला. खिळे उपटून, वरचा रंग तासल्यावर आतून सोनेरी साग निघाला आणि खोलीभर तो तेलकट, चामड्यासारखा वास पसरला. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "चाळीच्या जिन्यात पावसात हाच वास यायचा."

पहिल्या सहा काड्या वाया गेल्या. सातवीला मधोमध फोडण्याचा अर्थ हाताला कळला: सुरा टेकवून एक घाव, टक् असा कोरडा आवाज, आणि दोन अर्ध्या एकमेकींपासून सुटतात. आतली बाजू इतकी सरळ की तासायचीही गरज वाटत नाही. १७ खुंट्या झाल्या, दोन जास्तीच्या धरून. वाळूत ठेवल्यात. पहिल्या दिवशी सगळ्या मिळून ४३ ग्रॅम होत्या. आज ३९. कालही ३९ च होत्या.

पटाशीवाला
१५ जून, रात्री १०:४४

शाबास! आता एक बघा. तुम्ही म्हणालात जुन्या खुंटीच्या डोक्यावर तीन खाचा आहेत. ठोकून खाचा पडत नाहीत, डोकं चेपतं. ती खुंटी ज्या सांध्यात सापडली त्या सांध्यावर काही खूण आहे का? जुने सुतार सुटे भाग कधीच खुणेशिवाय सोडत नसत.

मृण्मयी_चरई
१६ जून, सकाळी ७:०५

आहे! गात्याच्या आतल्या अंगाला, कुसवाच्या खांद्याजवळ, तीन बारीक खाचा. लाकूड इतकं काळवंडलंय की नखाने चाचपल्यावरच लागल्या. मग सगळी गाती टॉर्च लावून बघितली. एक खाच, दोन खाचा, चार, पुढे पाचाला एक फुली, मग फुलीला जोडून एक खाच. एकूण १६ खुणा मिळाल्या. खुरांवरही त्याच आहेत. म्हणजे कुठलं गातं कुठल्या खुरात जायचं तेही त्याने लिहून ठेवलंय, आणि आम्ही इतकी वर्षं अंदाजाने जोडत होतो. बाबा म्हणतात, म्हणूनच पाळणा नेहमी थोडा करकरायचा.

मृण्मयी_चरई
२१ जून, रात्री ११:१५

आज जोडला. प्रत्येक खुंटी आपल्या भोकात फिरवली, षड्ज_पंचम यांनी सांगितली तशी चकाकी बघून उतरवली, मग डोक्यावर तिच्या तिच्या खाचा पाडल्या. ठोकताना आवाज बदलत जातो: आधी पोकळ, मग भरीव, आणि शेवटच्या दोन घावांना खांद्याची फट डोळ्यांदेखत मिटते. तिसऱ्या सांध्यात जुनीच खुंटी परत घातली.

२० किलोची गोणी घालून दादाने आणि मी तासभर झोके दिले. करकर नाही. कड्या आणि साखळ्या नव्या घेतल्या. खाली गादी आहे, दोन_लेकरांची_आई. गोणी उद्या रात्रीपर्यंत आतच राहील.

दोन_लेकरांची_आई
२१ जून, रात्री ११:३०

आता मला बारशाला यावंसं वाटतंय.

खाडीकिनारी
२२ जून, सकाळी ८:००

पावसाळाभर काळजी नाही, ओलीने घट्टच राहतील. ऑक्टोबरचं ऊन लागलं की प्रत्येक खुंटी हलवून बघायची आणि लागला तर एक घाव. हलवून खुंटा बळकट करणं म्हणतात ते हेच.

मृण्मयी_चरई
२२ जून, सकाळी ८:२०

घट उठले की लगेच बघते. जास्तीच्या दोन खुंट्या पाळण्याच्याच एका गात्याला दोऱ्याने बांधून ठेवल्यात, पुरचुंडीत नाही.